चंचल मूल, दाखला आणि आपण

वाळूज औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या रांजणगाव शेणपुंजीत कंत्राटी कामगारांची दाट वस्ती आहे. तेथील एक जोडपे उन्हाळ्याच्या दिवसांत युनियनच्या कार्यालयात आले. सोबत साडेचार वर्षांचा मुलगा होता. ठेकेदाराने पगार थकविला असेल अशा समजुतीने आम्ही त्यांना बसवून घेतले. परंतु प्रश्न मुलाचा होता. तो एका विनाअनुदानित इंग्रजी शाळेच्या बालवर्गात जात होता आणि शाळेने लिहून दिले होते, की मुलगा जागेवर बसत नाही, इतरांना ढकलतो, सांगितलेले ऐकत नाही. त्याला 'एडीएचडी' आहे किंवा कसे याचा दाखला आणावा, अन्यथा जूनपासून प्रवेशाचा विचार करता येणार नाही. वडिलांनी तो कागद चार घड्या घालून खिशात ठेवला होता. ती अक्षरे त्यांना उच्चारता येत नव्हती. त्यांनी त्यांवर बोट ठेवून दाखविले. "भाऊ, तुमची घाटीत कोणाची ओळख आहे का?" एवढेच त्यांचे मागणे होते. आई थोडी अधिक बोलली. "पोरगं वाईट नाही हो भाऊ. त्याला बसवतच नाही, तर ते तरी काय करील?"

तेवढ्या वेळात त्या मुलाने पावतीपुस्तकांचा गठ्ठा खाली पाडला होता, पंख्याचे बटण सात-आठ वेळा चालू-बंद केले होते आणि एका वयस्कर साथीचा चष्मा पळवून परत आणून दिला होता.

ते गेल्यावर कार्यालयात जी चर्चा झाली, तिच्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला. एक जण म्हणाले, ही सारी श्रीमंतांची दुखणी. आमच्या लहानपणी असली मुले झाडावर चढत आणि मोठी होऊन कामाला लागत. दुसरे अधिक वाचलेले. त्यांच्या मते हा औषध कंपन्यांचा डाव आहे. आधी रोग विकायचा आणि मग गोळी विकायची. मी दोघांनाही काही बोललो नाही. खरे सांगायचे तर त्या वेळी माझेही मत फारसे वेगळे नव्हते. पुढे त्या कुटुंबाबरोबर थोडी धावपळ करावी लागली, थोडे वाचावे लागले आणि आपण किती अर्धवट माहितीवर निकाल देत होतो हे ध्यानात आले.

दुसऱ्या साथीच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. या विकाराचा इतिहास औषधाच्या इतिहासाला चिकटलेलाच आहे. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरने वर्तनाच्या तक्रारी असलेल्या मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक दिले आणि ती मुले अभ्यासात स्थिर होताना त्याला दिसली. १९४४ साली स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या रसायनज्ञाने मिथिलफेनिडेट तयार केले आणि पत्नीच्या रीटा या लाडक्या नावावरून त्याचे 'रिटालिन' असे नामकरण केले. १९७० साली ओमाहा शहरातील शाळकरी मुलांना सर्रास गोळ्या दिल्या जातात अशी बातमी आल्यावर अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे सुनावणी झाली. पीटर कॉनराड या समाजशास्त्रज्ञाने १९७६ सालच्या ग्रंथात असा प्रश्न विचारला, की वागण्याचे प्रश्न वैद्यकाच्या कक्षेत नेल्याने शाळा आणि समाज स्वतःच्या जबाबदारीतून सुटत तर नाहीत ना? हा प्रश्न आजही जिवंत आहे. वाळूजच्या त्या शाळेने दाखला मागितला तो मुलाला मदत करण्यासाठी नव्हता. त्याला बाहेर काढण्यास एक कारण हवे होते.

परंतु रोगाच्या नावाचा बाजार होतो म्हणून रोगच नाही, हे अनुमान चुकीचे आहे. क्षयाच्या औषधांवरही कंपन्यांनी नफा कमावला. म्हणून गिरणगावातील क्षय खोटा ठरला नाही. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली, म्हणजे रिटालिनच्या चाळीस वर्षे आधी, अशा मुलांचे वर्णन व्याख्यानांतून केले होते. वेगवेगळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून २००७ साली जो अंदाज बांधण्यात आला, त्यानुसार मुलांमध्ये हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास पडते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसतो. अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मतः कमी वजन यांनी धोका वाढतो. ही कारणे काही बंगल्यांतच राहतात असे नाही. गरोदरपणात अखेरपर्यंत कोयता चालविणाऱ्या बाईच्या खोपीत ती अधिकच असणार. आणि झाडावर चढणारी ती सगळीच मुले 'मोठी होऊन कामाला लागत' हेही आपण आठवणीतून सोयीस्करपणे निवडलेले आहे. मास्तरांचा मार खाऊन दुसरीत-तिसरीत शाळा सोडलेली, पुढे कोठेच न टिकलेली, अपघातात हातपाय गमावलेली माणसे आपल्याच वस्त्यांत होती. त्यांची नोंद कोणी ठेवली नाही.

हा विकार ओळखण्यासाठी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचे छायाचित्र नाही. मुलाकडे पाहून, आईवडिलांना आणि शिक्षकांना विचारूनच तो ठरवावा लागतो. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या २०१३ सालच्या अमेरिकन निकषांप्रमाणे अवधान न टिकणे किंवा अतिचंचलता व उतावीळपणा यांची किमान सहा लक्षणे किमान सहा महिने दिसली पाहिजेत; ती बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली असली पाहिजेत; घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसली पाहिजेत; त्या वयाच्या इतर मुलांच्या मानाने ती जास्त असली पाहिजेत आणि त्यांनी मुलाचे जगणे अडले पाहिजे. यांतील प्रत्येक अट एका स्थिर घराची आणि एका स्थिर शाळेची कल्पना करून लिहिलेली आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराचे मूल दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या तळावर जाते आणि उन्हाळ्यात परतते. त्याला सहा महिने सलग पाहणारा शिक्षक कोठून आणायचा? पाळी बदलत राहणाऱ्या वाळूजच्या कामगाराला आपले मूल दिवसा कसे असते हेच अनेकदा माहीत नसते. म्हणजे निदानाची पहिली सामग्रीच, कोणीतरी लक्षपूर्वक पाहणे, आपल्या वर्गाला दुर्मीळ आहे.

लहान मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते आणि ती कार्यकर्त्यांनी पालकांना आवर्जून सांगावी. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील मुलांचा एक मोठा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. तेथे प्रवेशाचे वर्ष ३१ डिसेंबरला तुटते. डिसेंबरात जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलग्यांना हे निदान चिकटण्याचे प्रमाण जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा तीस टक्क्यांनी अधिक आढळले. मुलींत हा फरक त्याहूनही मोठा होता. डिसेंबरात जन्मल्याने कोणाचा मेंदू बिघडत नाही. वर्गातील मोठ्या मुलांशी तुलना झाल्याने वयाचा पोरकटपणा रोगासारखा दिसला, एवढाच याचा अर्थ. आपल्या महाराष्ट्र शासनाने २०२० साली प्रवेशवयासाठी जी तारीख ठरविली तीही ३१ डिसेंबरच आहे, आणि शाळा मात्र जूनमध्ये सुरू होते. म्हणजे साडेपाच वर्षांचे मूल साडेसहा वर्षांच्या मुलाशेजारी पहिलीत बसते. बालवर्गात तर हे अंतर आणखीच जाणवते. आमच्याकडे आलेला मुलगा नोव्हेंबरातला होता. चार वर्षांच्या मुलाने चाळीस मिनिटे बाकावर बसून इंग्रजी अक्षरे गिरवावीत ही अपेक्षाच मुळात कोणत्या शास्त्रातून आली हे त्या शाळेला विचारले पाहिजे होते. विचारण्याचे धैर्य फी थकलेल्या बापाला नसते.

भारतीय परिस्थितीसाठी इनक्लेन या संस्थेने जी निदान-प्रश्नावली तयार केली, ती सहा ते नऊ या वयासाठी आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच गटाच्या पाहणीत देशातील पाच ठिकाणची मुले तपासली गेली. उत्तर गोवा त्यांत होता, महाराष्ट्रातील एकही जिल्हा नव्हता. मेंदूच्या वाढीशी संबंधित कोणता ना कोणता प्रश्न असणारी मुले दहांत एकाच्या आसपास निघाली; पण त्या पाहणीतही हा विकार सहा वर्षांखालील मुलांत शोधलेला नाही. त्यावरून चार वर्षांच्या मुलाकडे दुर्लक्ष करावे असा अर्थ कोणी काढू नये. ऐकू न येणारे मूल सांगितलेले 'ऐकत नाही'. न दिसणारे मूल फळ्याकडे पाहत नाही. झोप न झालेले, मार खाणारे, घरात दारूची भांडणे पाहणारे मूलही जागेवर बसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयी आढळली, आणि लोहाच्या कमतरतेचा अवधानाशी संबंध आहे. तेव्हा निदानाचे नाव मिळो वा न मिळो, त्या नावाच्या वाटेवर कान, डोळे, रक्त, झोप आणि घर यांची तपासणी होते, आणि तीच पुष्कळदा अधिक मोलाची ठरते.

उपचाराचेही तसेच. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ आणि पुन्हा २०१९ साली स्पष्ट सांगितले, की सहा वर्षांखालील मुलासाठी पहिला उपचार गोळी नव्हे, पालकांचे प्रशिक्षण. सूचना एका वेळी एकच द्यावी, चांगल्या वागण्याची लगेच दखल घ्यावी, दिवसाचा क्रम ठरलेला असावा, मारहाण करू नये, अशा साध्या दिसणाऱ्या गोष्टी आठवड्यामागून आठवडे शिकवाव्या लागतात. मोठ्या मुलांत औषध निश्चितपणे उपयोगी पडते आणि त्याला नाके मुरडणे हा सुखवस्तू माणसाचा चोखंदळपणा आहे. मात्र मिथिलफेनिडेट आपल्याकडे अनुसूची 'एक्स'मध्ये येते. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो आणि त्यासाठी दुकानाला वेगळा परवाना लागतो. तालुक्याच्या गावी असे दुकान शोधणे हेच एक काम होते. आणि प्रशिक्षणासाठी दर आठवड्याला आईला अर्धा दिवस मोकळा लागतो. धुणीभांडी करणाऱ्या बाईचे चार घरांचे खाडे कोण भरून देणार?

आता दाखल्याविषयी. या बाबतीत पालकांचा, आणि आपल्या कार्यकर्त्यांचाही, मोठा गैरसमज आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. त्यांत स्वमग्नता आहे, अध्ययन-अक्षमता आहे, बौद्धिक अक्षमता आहे. या विकाराचे स्वतंत्र नाव त्या यादीत नाही. अध्ययन-अक्षमतेचे प्रमाणपत्रही २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आठव्या वर्षापासून मिळते. तेव्हा साडेचार वर्षांच्या मुलाला ज्याच्या जोरावर काही सवलत मिळेल असा सरकारी दाखला अस्तित्वातच नाही. जो मिळेल तो डॉक्टरांचा अहवाल, आणि शाळेने त्याचा उपयोग कशासाठी करायचा यावर कोणाचे बंधन नाही. शिक्षणहक्क कायदा २०१० पासून लागू झाला. प्रवेशासाठी चाळणी लावू नये, शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करू नये, प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक असावा, ही कलमे चांगलीच आहेत. पण त्या कायद्याचे बालक सहाव्या वर्षी सुरू होते. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाचा शिक्षणाचा हक्क मूलभूत मानला होता. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील मुलांना त्यातून काढून 'राज्य प्रयत्न करील' अशा शब्दांच्या स्वाधीन केले. त्या वेळी आपल्यापैकी काहींनी विरोध केला, बहुतेकांनी तो तांत्रिक मुद्दा समजून सोडून दिला. रांजणगावच्या त्या खिशातल्या कागदात मला तो तांत्रिक मुद्दा पुन्हा भेटला.

शासनाकडे काहीच योजना नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासावयाच्या तीस आजारांच्या यादीत हा विकार नावानिशी आहे. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता यांच्या पथकाने अंगणवाडीतील बालकांना वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांना वर्षातून एकदा तपासावे, आणि शंका असलेल्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी ती रचना. त्या केंद्रात बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक असावेत असे योजनेतच लिहिले आहे. सारा उपचार मोफत. वाचून समाधान वाटले. मग ध्यानात आले, की आमचा हा मुलगा या जाळ्याच्या बाहेर आहे. तो अंगणवाडीत नाही आणि त्याची शाळा सरकारीही नाही, अनुदानितही नाही. बापाने पोटाला चिमटा घेऊन त्याला अंगणवाडीतून काढले आणि खासगी बालवर्गात घातले. त्याच क्षणी राज्याने त्याच्यावरील नजर काढून घेतली. दोष बापाचा नाही. अंगणवाडीत शिकवीत नाहीत, नुसती खिचडी देतात, ही तक्रार आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आणि ज्या सेविकेवर पोषण, लसीकरण, नोंदी, मोबाईलवरची माहिती आणि निवडणुकीची कामे लादली आहेत, तिने शिकवावे केव्हा? डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ पर्यंत महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका पन्नासाहून अधिक दिवस संपावर होत्या. त्या संपात मानधन आणि ग्रॅच्युइटीचा प्रश्न होता. तो चंचल मुलांचाही प्रश्न होता, हे मात्र व्यासपीठावरून आमच्यापैकी कोणी बोलल्याचे आठवत नाही.

छत्रपती संभाजीनगरात, २०२३ पर्यंतच्या औरंगाबादेत, १९५६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लोक त्याला घाटी म्हणतात. जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासून रुग्ण तेथे येतात. राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतील एकही आले नाही. देशात लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पडत नाही, आणि त्यांतही लहान मुलांचे काम करणारे अगदी थोडे. या पोकळीत शहरभर 'थेरपी सेंटर' उघडली आहेत. त्यांतील काही उत्तम आहेत, काही निव्वळ दुकाने आहेत. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी १९९२ च्या कायद्याखालील भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. हे वाक्य वस्तीतील फलकावर लिहिले तरी पुष्कळ काम होईल.

मुलींबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या कार्यालयात या कारणासाठी मुलीला घेऊन कोणी आलेले नाही. मुलींमध्ये हा विकार बऱ्याचदा धावपळीच्या रूपाने दिसत नाही. ती खिडकीबाहेर पाहत बसते, वह्या हरवते, भाकरी करपवते. तिला वेंधळी म्हणतात. ती कोणाला ढकलत नाही म्हणून शाळा चिठ्ठी पाठवीत नाही, आणि घरात तिच्यासाठी खाडा करून रुग्णालयात जावे असे कोणाला वाटत नाही. दहावीच्या आत तिचे लग्न होते. निदानाची फॅशन आली आहे असे म्हणणाऱ्यांनी ही मुलगी डोळ्यांसमोर आणावी.

मग आपण करावयाचे काय? कार्यालयात बसून मी जेवढा विचार केला तेवढा सांगतो. अनुभवी साथींनी त्यात भर घालावी. बाल स्वास्थ्य पथक आपल्या विभागातील अंगणवाडीत शेवटचे केव्हा आले, किती मुले पुढे पाठविली आणि त्यांतील किती प्रत्यक्ष पोहोचली, ही माहिती प्रत्येक शाखेने मागवावी. माहिती अधिकाराचा एक अर्ज पुरतो. खासगी बालवर्गांतील मुलांचाही तपासणीत समावेश करावा ही मागणी आपल्या निवेदनांत यावी. २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा असे सांगितले. आपल्या जिल्हा परिषदेत आणि महापालिकेत अशी किती पदे कायम आहेत आणि किती कंत्राटी, हे विचारले पाहिजे. कामगार संघटनांच्या मागण्यांत मुलाच्या तपासणीसाठी पगारी रजा कधीच नसते. ती का नसावी? आणि सगळ्यांत आधी, वस्तीत कोणी आई असा कागद घेऊन आली तर तिला 'काही होत नाही, मोठा झाला की सुधारेल' असे सांगून परत पाठवू नये. ती दोन वर्षे तेच ऐकत आलेली असते. सासूने तिला वळण लावता येत नाही म्हटलेले असते, नवऱ्याने तिच्या लाडाला दोष दिलेला असतो. आपण मोफत समजुतीचे आणखी एक वाक्य देऊ नये.

त्या मुलाला अखेर एका रुग्णालयात दाखविले. तीन खेपा झाल्या, म्हणजे वडिलांचे तीन खाडे. कान ठीक निघाले, रक्त कमी निघाले. डॉक्टरीणबाईंनी कोणतेही नाव लिहून दिले नाही. लोहाचे औषध दिले, आईला घरी करावयाच्या चार गोष्टी समजावून सांगितल्या आणि सहा वर्षे पूर्ण झाल्यावर पुन्हा सविस्तर पाहू म्हणाल्या. शाळेचे त्याने समाधान झाले नाही. सध्या तो गल्लीतल्या अंगणवाडीत जातो. तेथील सेविकाताईंनी त्याला ताटे वाटण्याचे काम दिले आहे, कारण त्या वेळी तो धावला तरी चालते. आई एका वहीत रोजची झोप, मारामाऱ्या आणि एका जागी किती वेळ रमला ते लिहून ठेवते. दोन वर्षांनी डॉक्टरांना दाखवायला ती लागेल. तिचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. वहीची पाने भरत आली म्हणून परवा ती कार्यालयात दुसरी वही मागायला आली होती.